टीडीएस कापला म्हणून आई 'आयकर भरणारी' ठरते का? पीएम-किसानचा हप्ता बंद झाला आहे, मदत हवी

नमस्कार मंडळी,

माझी आई 72 वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात आमच्या गावी राहते. वडिलांच्या मागे वीस गुंठे जमीन वारसनोंदीने तिच्या नावावर झाली आणि पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये तिला 2019 पासून नियमित मिळत होते.

वडिलांच्या फंडाचे नऊ लाख तिने मुदत ठेवीत ठेवले आहेत. 2024-25 मध्ये त्यावर 63,000 रुपये व्याज झाले. ज्येष्ठांसाठी टीडीएसची (बँकेने व्याजातून आधीच कापायच्या आयकराची) मर्यादा तेव्हा 50,000 होती (एप्रिल 2025 पासून ती एक लाख झाली) आणि 15एच फॉर्म (आपल्याला कर लागत नाही, तो कापू नये असे ज्येष्ठांनी बँकेला द्यायचे निवेदन) देण्याचे आमच्याकडून राहून गेले, त्यामुळे बँकेने 6,300 रुपये कापून घेतले. मी तिचे विवरणपत्र भरले, कर शून्य निघाला आणि कापलेली रक्कम परत आली.

त्यानंतरचा हप्ता मात्र आला नाही. चौकशी केली तेव्हा 'आयकर भरणारे' या कारणाने नाव वगळल्याचे सांगण्यात आले. आई पासबुक भरून आणते, 2,000 रुपयांच्या शेवटच्या नोंदीवर बोट ठेवते आणि विचारते, "माझं काही चुकलं का रे?"

योजनेच्या निकषानुसार मागील कर-निर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला ते अपात्र ठरतात. विवरणपत्र भरणे म्हणजे कर भरणे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः कर भरतो. परंतु योजनेच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान (18 वर्षांखालील) मुले, तेव्हा माझ्या कराचा येथे संबंध येऊ नये.

श्रावणबाळ या ज्येष्ठांना निवृत्तिवेतन देणाऱ्या राज्याच्या योजनेसाठी अर्ज करा, असेही काहींनी सुचवले. तेथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 आहे आणि नुसते व्याजच त्याच्या तिप्पट होते, म्हणून तो विचार मी सोडून दिला.

ज्यांनी असे प्रकरण हाताळले आहे त्यांनी कृपया सांगावे: कलम 143(1) ची सूचना (विवरणपत्र तपासून आयकर विभाग पाठवतो ती) आणि 26एएस (कापलेल्या कराचा तक्ता) जोडून अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा की तहसीलदारांकडे? नाव पुन्हा लागले तर थांबलेले हप्ते मिळतात का? आणि यंदा 15एच वेळेत दिला आहे, टीडीएस कापलेला नाही, तर विवरणपत्र न भरलेलेच बरे का?