डीएनए चाचणीत १७४२ सेंटिमॉर्गनची मॅच: आत्या की सावत्र बहीण?

बाबांना दत्तक घेतलं होतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर बोलायचं नाही असा अलिखित नियम होता. बाबा गेल्यावर मी आणि धाकट्या भावाने लाळेचे नमुने पाठवले.

वंशाच्या टक्केवारीत मला फारसा रस नव्हता, ते बरंच झालं. सख्खी भावंडं असून आमचे टक्के जुळत नाहीत! (आधी दचकले. मग कळलं, आईवडिलांकडून प्रत्येकाला निम्मा-निम्मा वाटा मिळतो, पण कुठला निम्मा ते सोडतीसारखं.)

खरा प्रश्न मॅचच्या यादीचा आहे, म्हणजे ज्यांचा डीएनए आमच्याशी जुळतो त्यांच्या यादीचा. सगळ्यात वर एक अनोळखी बाई: माझ्याशी १७४२ सेंटिमॉर्गन (जुळणाऱ्या डीएनएचं माप, जितकं जास्त तितकं नातं जवळचं), भावाशी १८०५. नावाची फक्त आद्याक्षरं आहेत, वय दिसत नाही, खातंही दुसरंच कुणीतरी सांभाळतं. या आकड्यात आत्या, मावशी, सावत्र बहीण, आजीसुद्धा बसते म्हणे. म्हणजे बाबांची बहीण, किंवा आम्हाला माहीत नसलेली बाबांची मुलगी. आईला अजून काही बोललेले नाही, त्यामुळे तिची चाचणी न करता उलगडा होईल का? आणि निरोप पाठवायचा तर काय लिहू? कुणाच्या घरात बॉम्ब टाकायचा नाहीये.

प्रतिसाद: एक्स गुणसूत्राची तुलना दिसते का बघा. भावाला एक्स फक्त आईकडून मिळालंय, त्यामुळे नातं बाबांकडून असेल तर त्याचं तिथे काही जुळू नये. तुमच्याकडे मात्र बाबांचं एक्स अख्खं आलंय, आणि त्यांच्या दुसऱ्या मुलीकडेही तेच अख्खं गेलं असणार. ती सावत्र बहीण असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुळेल. बाबांची आई असेल तरी तसंच. आत्या असेल तर बहुधा तुकड्यातुकड्यांनी. आणि आत्या निघाली तर सख्खीच धरा, सावत्र असती तर आकडा साधारण निम्म्यावर आला असता.

प्रतिसाद: पहिल्या निरोपात नातं अजिबात लिहू नका. खातं भाचा सांभाळत असेल तर वाचणार तोच! "आपली मॅच जवळची दिसते, मी वडिलांच्या घराण्याची माहिती शोधतेय, बोलायला आवडेल का?" एवढं पुरे. दत्तक, जन्मसाल वगैरे नंतर. पण आईला आधी सांगा. हे तिला तिसऱ्याकडून कळलं तर निस्तरणं कठीण जाईल.

प्रतिसाद: आईबाबत असहमत. हाती काही पक्कं नसताना तिला कशाला घोर लावायचा?

धागाकर्ती: एक्स पाहिलं. भावाशी शून्य. माझ्याशी तीन तुकडे, मध्ये मोठी फट. म्हणजे आत्याच, आणि सख्खी. सावत्र बहिणीच्या भीतीने आठवडाभर झोप उडाली होती, ती गेली. पण आता दुसरंच डोक्यात घोळतंय: त्याच आईवडिलांना आणखी एक मूल होतं, आणि बाबा दत्तक गेले. आत्या मोठी की धाकटी, तिलाही दिलं होतं का, डीएनए काहीच सांगत नाही.

निरोप वरच्यासारखाच लिहिलाय, चारदा खोडून. अजून पाठवलेला नाही. ज्यांनी घरी आधी सांगितलं आणि ज्यांनी नंतर, दोघांचेही अनुभव हवे आहेत.