इंकस्केप-स्क्रायबसवर मराठी-तेलुगू पत्रिका: प्रेसवर अक्षरं फुटतात, काळा रंग चारही प्लेटांवर येतो

पूर्वभाग_डीटीपी

नमस्कार मंडळी. सोलापुरात पत्रिकेचं काम घेतलं की बऱ्याचदा एकाच कार्डावर मराठी आणि तेलुगू दोन्ही लागतं, अक्कलकोटकडचं गिऱ्हाईक असेल तर कन्नडही. सगळं काम मुक्त सॉफ्टवेअरवर चालवायचं आहे: इंकस्केप १.४ (रेषाचित्रांसाठी), गिंप ३ (फोटोंसाठी), स्क्रायबस १.६ (पानाच्या मांडणीसाठी), विंडोज, ८ जीबी रॅम. कार्ड ७ बाय ५ इंच, ऑफसेट छपाई, चार रंग, म्हणजे प्रत्येक शाईची वेगळी प्लेट.

इंकस्केपची पीडीएफ प्रेसवर कोरलमध्ये (कोरलड्रॉ) उघडली तर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’मधली जोडाक्षरं सुटी झाली आणि वेलांट्या सरकल्या. बारीक काळा मजकूर चारही प्लेटांवर आला, अक्षरांच्या कडेला लाल-निळी झाक दिसते. तोच मजकूर स्क्रायबसमध्ये घेतला तर मराठी नीट, पण तेलुगूच्या जागी नुसते चौकोन. प्रेसवाले म्हणतात सीडीआरच (कोरलची मूळ फाइल) द्या. शिवाय गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी १० बाय ४ फुटी फ्लेक्सची कामं येतात. गिंपमध्ये ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) फाइल घेतली की मशीन अडकतं.

यातलं सॉफ्टवेअरमुळे काय आणि सेटिंगमुळे काय, कोणी नीट सांगेल का?

चार_प्लेट

सीडीआरचा नाद आधी सोडा. मुक्त सॉफ्टवेअरपैकी कोणीही सीडीआर लिहीत नाही. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ ती फाइल वाचतात, तेही लिबसीडीआर लायब्ररीच्या जोरावर, आणि नव्या आवृत्तीची फाइल असली की त्यांचं गाडं अडतं. प्रेसला काय हवं असतं? अक्षर फुटणार नाही आणि प्लेटा बरोबर निघतील, एवढंच. ते पीडीएफमधूनही देता येतं, पण ती पीडीएफ इंकस्केपची नसावी.

काळ्याचं कारण सांगतो. इंकस्केप आतून आरजीबीवर (पडद्याचे लाल, हिरवा, निळा) चालतं आणि त्याची पीडीएफही आरजीबीच निघते. तुम्ही दिलेला काळा म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य. प्रेसकडे त्याचं रूपांतर झालं की तो सायन, मॅजेंटा, यलो, ब्लॅक या चौघांत वाटला जातो. मोठ्या पट्ट्याला ते खपतं. ८-९ पॉइंटच्या अक्षराला नाही, कारण कागद केसभर हलला तरी चार ठसे एकावर एक बसत नाहीत आणि झाक दिसते. इंकस्केपच्या रंगपट्टीत सीएमवायकेचा (म्हणजे याच चार शाईंचा) पर्याय आहे, त्यावर भरवसा ठेवू नका. तिथे के १०० (फक्त काळी शाई, पूर्ण) टाकलं तरी पीडीएफमध्ये जाताना त्याचा आरजीबी होतो. हा सॉफ्टवेअरचाच दोष, आणि पत्रिकेच्या कामात तो फार नडतो.

म्हणून कामाची वाटणी करा. वेलबुट्टी, गणपती, किनार इंकस्केपमध्ये काढा आणि साध्या एसव्हीजीत (इंकस्केपची चित्रफाइल) सेव्ह करा. ब्लर आणि फिल्टर टाळा, स्क्रायबस ते घेत नाही. मजकूर एसव्हीजीतून नेऊ नका, थेट स्क्रायबसमध्ये बसवा. पान ७ बाय ५ इंच, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड). एसव्हीजी आत आलं की रंगांच्या यादीत ‘फ्रॉमएसव्हीजी’ने सुरू होणारी नावं दिसतील. ‘एडिट’मधल्या ‘कलर्स अँड फिल्स’मध्ये जाऊन एकेक रंग सीएमवायके करा आणि आकडे हातानं भरा. दहा-बारा रंग असतील तर कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

मजकुराला ‘ब्लॅक’ द्या, तो के १००च आहे. यादीतल्या ‘रजिस्ट्रेशन’ला हात लावू नका. तो चारही प्लेटांवर १०० टक्के बसतो, शाई वाळत नाही आणि मागच्या कार्डाला लागते.

पीडीएफ काढताना रंगाच्या टॅबमध्ये ‘स्क्रीन/वेब’ आधीच निवडलेलं असतं. ते ‘प्रिंटर’ करा. हे राहिलं तर वरची सगळी मेहनत वाया जाते, कारण पुन्हा आरजीबीच बाहेर पडतं. ब्लीडचा टिकमार्कही त्याच खिडकीत, ‘प्री-प्रेस’च्या टॅबमध्ये आहे.

जोडाक्षर

वरची वाटणी बरोबर. अक्षरांचं मी सांगते.

पीडीएफ उघडताना कोरल विचारतं की मजकूर ‘टेक्स्ट’ म्हणून घ्यायचा की ‘कर्व्ह’ (नुसता आकार) म्हणून. ऑपरेटरनं ‘टेक्स्ट’ घेतलं की देवनागरीची जुळणी मोडते. पीडीएफमध्ये जोडाक्षराचा तयार आकार असतो, तो पुन्हा सुट्या अक्षरांत उलगडताना घोटाळा होतो. त्यामुळे प्रेसला विनवण्यापेक्षा फॉन्ट इथूनच कर्व्ह करून पाठवा. स्क्रायबसच्या पीडीएफ खिडकीत फॉन्टच्या टॅबमध्ये आउटलाइनचा पर्याय आहे. घाईत इंकस्केपमधूनच पाठवायचं असेल तर तिथेही ‘कन्व्हर्ट टेक्स्ट टू पाथ्स’ आहे. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा. कर्व्ह झालेल्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, आणि पत्रिकेत शेवटच्या घडीला नावं बदलतातच.

तेलुगूचे चौकोन: इंकस्केप आणि गिंप हे पँगो या अक्षरमांडणीच्या लायब्ररीवर चालतात. फॉन्टमध्ये अक्षर नसेल तर पँगो गुपचूप दुसरा फॉन्ट आणून भरतो. स्क्रायबस तसं करत नाही, जो फॉन्ट दिलात तोच वापरतो. म्हणून तीन कॅरेक्टर स्टाइल करा: मराठीला नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता, तेलुगूला नोटो सान्स तेलुगू, कन्नडला नोटो सान्स कन्नड. तेलुगूला खाली जोडाची अक्षरं लटकतात, त्यामुळे तिन्हींना एकच ओळअंतर ठेवलं तर तेलुगू ओळी एकमेकींना भिडतात. तेलुगूला थोडं जास्त अंतर द्या आणि ‘प्रिफ्लाइट व्हेरिफायर’ चालवा, एखादं अक्षर राहिलं असेल तर तो दाखवतो.

जुन्या ट्युटोरियलमध्ये ‘स्क्रायबसला मराठी येत नाही’ असं वाचाल. १.४ पर्यंत ते खरं होतं. १.५.३ पासून हार्फबझ (जोडाक्षरं जुळवणारं इंजिन) आलं आणि २०२४च्या जानेवारीत निघालेल्या १.६ मध्ये ते स्थिर आवृत्तीत मिळालं.

गिऱ्हाईक जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये मजकूर आणतं, तो चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. मग रफार, ‘ऱ्य’ आणि ‘श्र’ डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर चुकतात ते इथेच. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येत असतील तर गिंपमध्ये टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषा मराठी करा. पत्रिकेसाठी राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा वापरून बघा, तो मराठीसाठीच घडवलेला आहे.

फ्लेक्स_१०बाय४

फ्लेक्सला ३०० डीपीआय कशाला ओ? हिशोब बघा. १० बाय ४ फूट म्हणजे १२० बाय ४८ इंच. ३०० नं गुणलं तर ३६,००० बाय १४,४०० पिक्सेल, म्हणजे आठ बिटलाही एकेका लेयरला दोन जीबीच्या वर. तीन लेयर झाले की ८ जीबी रॅम संपली. ७२ डीपीआयला ८,६४० बाय ३,४५६ होतात, लेयरला १२० एमबीच्या आसपास. चौकात वर टांगलेल्या फ्लेक्सला एवढं पुरतं. जवळून बघायचा स्टेजमागचा बोर्ड असेल तर १०० करा.

अक्षरं आणि लोगो इंकस्केपमध्ये, गिंपमध्ये फक्त फोटो. नंदीध्वजाचा (यात्रेतल्या उंच काठ्यांचा) फोटो कापताना इरेझर वापरू नका, लेयर मास्क लावा, तो भाग पुसत नाही, नुसता झाकतो. काठ्यांच्या बारीक कडा पुन्हा दुरुस्त करता येतात. सावलीला इंकस्केपचा ब्लर वापरून पीडीएफ काढत असाल तर त्या खिडकीत रास्टरचं रेझोल्यूशन ९६ धरलेलं असतं. कार्डासाठी ते ३०० करा, नाहीतर सावली खडबडीत येते. फ्लेक्ससाठी मात्र पीडीएफपेक्षा टिफ किंवा ९०च्या वर क्वालिटीचा जेपीईजी बरा.

भगवा मळकट येतो ही तक्रार सगळ्यांची. पडद्यावरचा झगझगीत केशरी शाईत नसतोच. सायन आणि ब्लॅक शून्य ठेवा, यलो १००, मॅजेंटा ६०च्या आसपास. सायन चार-पाच टक्के जरी शिरला तरी तो विटकरी दिसायला लागतो. गिंप ३ मध्ये प्रेसनं दिलेलं सीएमवायके प्रोफाइल (शाईचे रंग कसे दिसतील ते सांगणारी फाइल) सॉफ्ट-प्रूफला लावा, पडद्यावरच अंदाज येतो. टिफ आणि जेपीईजी सीएमवायकेत एक्स्पोर्टही होतात, पण संपादन आरजीबीतच चालतं. फोटो सीएमवायकेमध्येच रंगवायचा असेल तर क्रिटा हे मुक्त सॉफ्टवेअर घ्या.

कडेनं ३ इंच मोकळे सोडा, आयलेट (दोरी बांधायच्या रिंगा) तिथेच ठोकतात. नाव कडेला गेलं की रिंग अक्षरावर बसते.

पूर्वभाग_डीटीपी

आभार मंडळी. एक राहिलं: के १०० खरंच एकाच प्लेटवर गेलंय, हे प्रेसला पाठवण्याआधी इथेच बघता येतं का?

चार_प्लेट

येतं. स्क्रायबसच्या फाइल मेनूत ‘आउटपुट प्रिव्ह्यू’मध्ये पीडीएफ निवडा आणि सेपरेशन (एकेक प्लेट वेगळी) दाखवायला सांगा. मग सायन, मॅजेंटा, यलो बंद करून फक्त ब्लॅक ठेवा: मजकूर पूर्ण दिसला पाहिजे. उलट करा, ब्लॅक बंद आणि बाकी तीन चालू, तेव्हा मजकूर गायब झाला पाहिजे. पुसटसाही राहिला तर त्या ओळीला अजून ‘फ्रॉमएसव्हीजी’चा किंवा ‘रिच ब्लॅक’चा रंग लागलेला आहे. विंडोजवर यासाठी घोस्टस्क्रिप्ट (पीडीएफ वाचणारं मुक्त सॉफ्टवेअर) वेगळं टाकावं लागतं आणि स्क्रायबसच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘एक्स्टर्नल टूल्स’ला त्याचा पत्ता द्यावा लागतो. ते नसेल तर प्रिव्ह्यू चालत नाही.