स्मार्टवॉचची वाढीव वॉरंटी घ्यावी का? बेळगाव-खानापूरकडच्यांनी सांगावं

खानापूर_रस्ता

नमस्कार मंडळी. बाबांसाठी स्मार्टवॉच घ्यायचं आहे. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. आई आणि ते दोघंच जांबोटीच्या अलीकडच्या गावात राहतात, मी नोकरीसाठी बेळगावात असतो. माणूस पडला तर ओळखून आपणहून फोन लावणारं, ठोके कमी-जास्त झाले तर कळवणारं घड्याळ हवं म्हणून तीस हजारांच्या आसपासचं एक पसंत केलंय. गणपत गल्लीतल्या दुकानात विचारलं तर ते म्हणतात, आणखी साडेतीन हजार भरा, दोन वर्षं काळजी नाही. बिल करतानाच ठरवायचं आहे, रविवारी जाणार आहे.

बाबा रोज शेताकडे जातात. जून ते सप्टेंबर आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच, आणि चिखलातलं काम सोडा म्हटलं तर ते ऐकणार नाहीत. अशा वापराला ही वाढीव वॉरंटी उपयोगी पडते का? कुणी प्रत्यक्ष वापरली असेल तर कृपया सांगा.

टिळकवाडीकर

घेऊ नका. मी व्हॅक्सिन डेपोवर चालायला जाताना अडीच हजारांचं घड्याळ वापरतो. बिघडलं की दुसरं घ्यायचं. तुमचं महाग आहे, त्यामुळे तुमचा हिशेब वेगळा असेल. पण पाच हजारांच्या आतलं घड्याळ असेल तर वॉरंटीला पैसे घालण्यात अर्थ नाही.

खडेबाजार_काउंटर

मी याच धंद्यात आहे, काउंटरवर हे प्लॅन रोज विकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्हाला जे देतायत ते नक्की काय आहे ते विचारा. आम्ही दुकानात सगळ्यालाच ‘वॉरंटी’ म्हणतो, खरं त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. एक, एक्स्टेंडेड वॉरंटी. कंपनीचं पहिलं वर्ष संपल्यावर ती सुरू होते आणि कंपनीच्या वॉरंटीत जे बसत होतं तेच पुढे चालवते. म्हणजे आतला पार्ट आपोआप बिघडला तर. घड्याळ पडलं, काच गेली, पाणी शिरलं, यातलं काही त्यात बसत नाही. दुसरी, डॅमेज प्रोटेक्शन. ती बहुतेक पहिल्या दिवसापासून चालू होते आणि पडणं, फुटणं, पाणी जाणं यासाठी असते. तुमचे बाबा शेतात जाणार, म्हणजे तुम्हाला काही उपयोग झाला तर तो या दुसऱ्या प्रकाराचाच.

आता ‘दोन वर्षं’ म्हणजे काय ते बघा. पहिलं वर्ष कंपनी फुकट देतेच. त्या दुकानदाराचा प्लॅन साधा एक्स्टेंडेड असेल आणि दोन वर्षांत पहिलं वर्ष धरलेलं असेल, तर साडेतीन हजार तुम्ही एकाच वर्षासाठी भरताय. आणि इतक्या वर्षांत काउंटरवर मी जे बघतो त्यावरून सांगतो, आतून बिघडणारं घड्याळ बहुतेक पहिल्या काही महिन्यांतच बिघडतं. दुसऱ्या वर्षी जी परत येतात ती काच तडकलेली, बॅटरी फुगून मागचं झाकण उचललेलं, नाहीतर घामाने चार्जिंगच्या टोकांवर गंज चढलेली. ही तिन्ही दुखणी साध्या प्लॅनच्या ‘लागू नाही’ यादीत असतात.

प्लॅन विकला की दुकानाला कमिशन असतं. त्यात गैर काही नाही, धंदा आहे. पण गिऱ्हाईकाला नियमांचा कागद दाखवल्याशिवाय विकणं मला पटत नाही. तुम्ही कागद मागा. पुढचं पुस्तक नको, ‘एक्सक्लूजन’ (म्हणजे काय काय लागू नाही) लिहिलेलं पान मागा. त्यावर प्लॅन चालवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. ती घड्याळ बनवणारी कंपनीच आहे का तिसरीच, ते वाचा. एका वर्षात किती वेळा क्लेम करता येतो, दर क्लेमला आपल्या खिशातून किती जातात, आणि दुरुस्त होत नसेल तर नवं देतात का घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) कापून रक्कम देतात, हेही त्याच पानावर असतं. तीस हजारांच्या घड्याळाला दीड वर्षाने घसारा लावून व्हाउचर हातात आलं की लोक दुकानात येऊन आमच्यावर चिडतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही.

उद्यमबाग_शिफ्ट

मी फाउंड्रीत आहे. तापलेल्या जागेत काम, वाळूची धूळ, आणि हात कुठे ना कुठे आपटतोच. म्हणून घड्याळ बनवणाऱ्या कंपनीचंच डॅमेज प्रोटेक्शन घेतलं होतं. काच फुटल्यावर ठरलेली सर्व्हिस फी भरली आणि घड्याळ बदलून मिळालं. त्या एका वेळेत प्लॅनचे पैसे वसूल झाले. माझ्या कामाला ते योग्यच होतं. ऑफिसात बसणाऱ्या माझ्या भावाला मात्र मी तेच घेऊ नको म्हणून सांगितलं.

एक सांगतो, साधं टफन्ड ग्लासचं संरक्षण आणि कडेला उचललेली रबरी केस लावा. दोनशे-तीनशेत येतं. शेतातल्या कामाला त्याने फार फरक पडतो.

शहापूरची_लेक

पाणी आणि बॅटरी, या दोनच गोष्टींवर लिहिते.

घड्याळावर ‘५ एटीएम’ लिहिलेलं असतं, ते ५० मीटर खोलीइतक्या स्थिर पाण्याच्या दाबाला तपासलेलं असतं. नव्या घड्याळाला तपासलेलं. आतली रबराची सील काळानुसार झिजते, साबण, गरम वाफ, आपटणं यामुळे ती लवकर जाते, आणि पाणीरोधकता कायमची नसते हे कंपन्या स्वतःच लिहून देतात. म्हणून ‘वॉटरप्रूफ आहे ना, मग पाण्याची वॉरंटी आहेच’ असं समजू नका. बाबांना सांगा, चिखलातून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याने धुवून, पुसून, कोरडं करूनच चार्जिंगला लावायचं. आंघोळीला बंबाचं कडकडीत पाणी घेत असतील तर तेवढ्यापुरतं काढून ठेवायचं. पण न्हाणीघर ही पडण्याची नेमकी जागा आहे, त्यामुळे काढून ते दाराजवळ न ठेवता आईच्या हातात द्यायचं आणि आईने जवळपास थांबायचं, असं दोघांना मिळून समजावा.

बॅटरीचं असं, ॲपल आपल्या घड्याळाबद्दल सांगते की १००० पूर्ण चार्जिंगनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशी तिची रचना आहे. रोज चार्ज करावं लागणाऱ्या घड्याळाला तिथे पोचायला पावणेतीन वर्षं लागतील. आठवडाभर टिकणाऱ्याला त्याहून खूप जास्त. म्हणजे दोन वर्षांच्या प्लॅनमध्ये बॅटरी बदलून मिळेल या आशेवर पैसे भरू नका. तोवर ती बहुतेक तेवढी उतरलेली नसते, आणि दुकानाच्या प्लॅनमध्ये तर ती झिजणारी वस्तू म्हणून बाहेरच असते.

आणखी एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. पडल्याचं ओळखून फोन लावणारी सोय मोबाइल रेंजवर चालते. घड्याळात स्वतःचं ई-सिम (आतच बसवलेलं सिम) नसेल तर फोन जवळ लागतो, आणि शेतात रेंजच नसेल तर घड्याळ कितीही चांगलं असलं तरी फोन जाणार नाही. घेण्याआधी बाबांच्या शेताच्या बांधावर उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज येते ते बघा. आणि ती सोय सेटिंगमध्ये चालू आहे का तेही बघा. ॲपलच्या घड्याळात वय ५५ किंवा जास्त टाकलं असेल तर ती आपोआप चालू होते, म्हणून सेट करताना जन्मतारीख बाबांची टाका, तुमची नको.

खानापूर_रस्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानातून नियमांचं पान फोटो काढून मागवलं. प्लॅन तिसऱ्याच कंपनीचा आहे. ‘उत्पादनातील दोष’ एवढंच कव्हर आहे, आणि तेही कंपनीची वॉरंटी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. पाणी, काच, बॅटरी, पट्टा, चार्जर बाहेर. खडेबाजार दादांनी लिहिलं तसंच निघालं.

घड्याळाच्या कंपनीचा स्वतःचा डॅमेजचा प्लॅन पण आहे, थोडा महाग. तो घ्यावा का?

कोवाडकर

आम्ही चंदगड तालुक्यातले, खरं खरेदी सगळी बेळगावात. घ्यायच्या आधी पिनकोड बघा. माझ्या घड्याळाला घेतलेल्या प्लॅनमध्ये ‘घरून पिकअप’ लिहिलं होतं. क्लेम करायला गेल्यावर कळलं की आमचा पिनकोड त्यांच्या यादीत नाही, स्वतःच्या खर्चाने कुरियर करा. कुरियरमध्ये काही झालं तर जबाबदारी आपली. फोन केला की बिल कर्नाटकातलं, पत्ता महाराष्ट्रातला, म्हणून इकडून तिकडे टोलवत राहिले. घड्याळ गेलं ते बंगळूरला. परत आलं शेवटी, आणि चालतंय, पण फार मनस्ताप झाला. वयस्कर माणसांना हे सगळं जमणारं नाही. त्यामुळे पिकअपचा पत्ता तुमचा बेळगावचा द्या, जांबोटीकडचा नको.

तारीख_पे_तारीख

मी वकिली करते, ग्राहक तक्रारींची कामं बघते. कोवाडकरांनी राज्याचा मुद्दा काढला म्हणून लिहिते, कारण सीमाभागातली माणसं इथेच माघार घेतात आणि घ्यायची काही गरज नसते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे कामधंदा करतो, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. खरेदी बेळगावात झाली आणि तुम्ही चंदगडचे असाल तर कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जा. खरेदी कोल्हापुरात झाली आणि तुम्ही खानापूरचे असाल तर बेळगावच्या. दुकान किंवा कंपनी ‘आमचं कोर्ट बंगळूर’ असं पावतीवर छापते, त्याला घाबरून जाऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही. मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून.

त्याआधी १९१५ वर फोन करा, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात, कारण तिथून नोंद झाली की कंपनीकडून उत्तर येतं.

एक गोष्ट कटाक्षाने करा. काउंटरवरचा माणूस तोंडी जे सांगेल, ‘पाण्याचंही चालतं’, ‘बदलून देतात’, ते त्याच्याकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. चांगला दुकानदार लिहून देतो. तोंडी आश्वासन नंतर सिद्ध करणं अवघड जातं, आणि तेच ऐकून लोकांनी पैसे भरलेले असतात.

निपाणीकर

गल्फमधून कुणी आणून देतो म्हणत असेल तर नको म्हणा. बाहेर देशात घेतलेल्या घड्याळाची वॉरंटी इथे चालेलच असं नाही, आणि वाढीव प्लॅनही मग मिळेलच असं नाही.

शहापूरची_लेक

@खानापूर_रस्ता, कंपनीच्या डॅमेज प्लॅनबद्दल विचारलंत. माझं मत, घ्या. वापर शेतातला आहे, घड्याळ महाग आहे, आणि प्लॅन बनवणाऱ्याचाच आहे. पण तुमच्या बाबांच्या बाबतीत मला पैशापेक्षा दुसरी काळजी वाटते. घड्याळ दुरुस्तीला गेलं की काही दिवस, कधी काही आठवडे, ते हातावर नसणार. साडेतीन हजारांचा प्लॅन असो की सात हजारांचा, मधल्या दिवसांत दुसरं घड्याळ देतील असं मी तरी कुठल्या प्लॅनमध्ये वाचलेलं नाही. ज्या माणसासाठी घड्याळ हे मनगटावरचं पहारेकरी आहे, त्याच्यासाठी तीच खरी उणीव. दुकानाचा प्लॅन नाकारून जे पैसे वाचतील त्यात एक साधं, मोठ्या बटणांचा, एसओएस बटण असलेला मोबाइल घेऊन ठेवा. घड्याळ दुरुस्तीला गेलं की तो खिशात. शेजारच्या दोन घरांचे नंबर त्यात आधीच घालून ठेवा, तुम्ही बेळगावात आहात, ते दोन मिनिटांवर आहेत.

खानापूर_रस्ता

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बटणाचा फोन घेतो. शेजारचे काका आणि वरच्या आळीतला डॉक्टरांचा कंपाउंडर, दोघांशी आजच बोललो, दोघेही नंबर घाला म्हणाले.

दुकानाचा प्लॅन घेत नाही. कंपनीचा डॅमेज प्लॅन घेतो, माझ्या बेळगावच्या पत्त्यावर. कस्टमर केअरला पिनकोड सांगून खात्री केली, पिकअप आहे म्हणाले. कालच शेतावर जाऊन रेंज पण बघितली. विहिरीकडे येते, ओढ्याच्या काठाला येत नाही. बाबांना ओढ्याकडे एकट्याने जाऊ नका म्हणून सांगितलंय, आईनेही सांगितलंय.

खडेबाजार_काउंटर

चांगलं केलंत. बिलावर घड्याळाचा सिरीयल नंबर छापून घ्या, ई-सिमवालं असेल तर आयएमईआय पण. नुसतं मॉडेलचं नाव असलेलं बिल क्लेमला चालत नाही. थर्मल कागदावरची अक्षरं वर्षभरात उडतात, तेव्हा दुकानातून बाहेर पडायच्या आधीच फोटो काढा किंवा पीडीएफ मागून घ्या. आणि बिल तुमच्या नावावर करा, बाबांच्या नको, म्हणजे क्लेमच्या वेळी ओटीपीसाठी त्यांना फोन येणार नाही.