मदत हवी आहे: आईच्या डोळ्यांसाठी आहारात काय वाढवू?

मंडळी, आईचं वय ७२. मोतीबिंदू काढून झालाय, तरी पेपर वाचताना मधली अक्षरं पुसट दिसतात. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, झिजतोय. कोरडा प्रकार, मधला टप्पा. ल्युटीन १० मिग्रॅ आणि झियाझँथिन २ मिग्रॅ (दोन्ही भाज्यांत असणारी पिवळसर रंगद्रव्यं) असलेली गोळी दिलीय. चौकटींचा कागद फ्रिजवर चिकटवलाय. आई रोज एकेक डोळा झाकून रेघा वाकड्या तर दिसत नाहीत ना, ते बघते.

नातेवाइकांचं एकच पालुपद: गाजराचा रस पाज! ल्युटीन खरं तर पालक-मेथीत भरपूर. पण हृदयाची झडप बदलल्यापासून आई वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेते. पालेभाजीतल्या व्हिटॅमिन के-मुळे तिचा परिणाम कमी होतो, त्यामुळे पालेभाजी एकदम वाढवायला मनाई आहे. अंडं तिला चालत नाही. राहिला मका आणि केशरी ढोबळी मिरची. कवळीने चावता येईल असं यांचं काय करता? मक्याचा उपमा सोडून सांगा, त्याला ती कंटाळलीय.

शिवाय पोथी वाचायला दिव्याचं भिंग बरं की टॅबवर अक्षरं मोठी करून? वापरणाऱ्यांनीच सांगा. गोळ्यांच्या जाहिराती कृपया नकोत.