मदत हवी आहे: बेअरिंग बदललं तरी चाकाची घरघर थांबेना

2016 ची पेट्रोल हॅचबॅक, 82,000 किमी. पुण्यात वारजे ते नवले पूल पट्ट्यात वेग 50 च्या पुढे गेला की घूंऽऽ आवाज सुरू, 80 ला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. चालत्या गाडीत न्यूट्रल केलं तरी तसाच, म्हणजे इंजिन नाही. स्टेअरिंग जरा डावीकडे नेलं की वाढतो, उजवीकडे कमी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो, म्हणून पुढचं उजवं बेअरिंग (चाक ज्यावर फिरतं तो भाग) बदललं, फरक शून्य! चाकांचं अलाइनमेंट, बॅलन्सिंगही झालं. चाक जॅकवर हलवून पाहिलं, खेळ (ढिलेपणा) नाही. मात्र मागच्या उजव्या टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवला तर एका दिशेला गुळगुळीत, उलट फिरवला की करवतीसारखं लागतं. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे, अशी अदलाबदल अजून केलेली नाही. शनिवारी आई-बाबांना कोल्हापूरला न्यायचंय, त्यामुळे काळजी वाटते. दोष टायरचा की मागच्या उजव्या बेअरिंगचा, हे पुन्हा खर्च करण्याआधी नक्की कसं ओळखायचं?