अर्धवट राहिलेल्या मिनिएचर्सचा जुना रंग काढावा का?

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मिनिएचर्सचा, म्हणजे हाताने रंगवायच्या छोट्या मूर्तींचा, जुना रंग काढावा की त्यावरच पुढे रंगवावं, असा प्रश्न आहे. माझं मत स्पष्ट आहे: तपशील बुजले नसतील तर काढू नका. त्या खटाटोपातच उत्साह संपतो आणि मूर्ती पुन्हा डब्यात जाते.

माझा एक ऑर्क (कल्पित कथांतला राक्षसी योद्धा) ११ वर्षं नुसत्या हिरव्या कातडीवर अडला होता. मऊ टूथब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने धूळ काढली, पूर्ण वाळू दिलं, मग तपकिरी वॉश, म्हणजे खोबणींत उतरणारा पातळ रंग, दिला. तो दातांच्या फटींत, पट्ट्याच्या शिवणीत उतरला आणि २८ मिलिमीटर मापाच्या त्या ऑर्कचा चेहरा एकदम जिवंत झाला!

ॲक्रिलिकचे थर फारच जाड असतील तर मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. धातूला आणि कडक पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकला ते चालतं. रेझिन असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी तपासून घ्या, काही रेझिन मऊ पडतात. ॲसिटोन प्लॅस्टिकजवळ आणूच नका, पॉलिस्टायरिन त्यात विरघळतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा.

आणि टेबलावर एका वेळी तीनच मूर्ती ठेवा, बाकीच्या नजरेआड. बेसची, म्हणजे मूर्तीखालच्या चकतीची, कड शेवटी काळी करा. माझ्यासाठी मूर्ती पूर्ण होते ती तिथेच.