वही कोऱ्या रकान्यांसकट दिली

कोर्टात शिक्षेआधी दाखवलेला पश्चात्ताप म्हणजे वकिलाने पढवलेलं पाठांतर, असं या चर्चेत म्हटलं गेलंय. नुसत्या शब्दांबद्दल ते मला पटतं. पण 1958 च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे दोषीला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या (प्रोबेशनच्या) कायद्याचा, उल्लेख इथे कुणीच केलेला नाही. त्याच्या कलम 4 नुसार, जन्मठेप किंवा फाशीची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात कोर्ट दोषीला चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सोडू शकतं आणि त्याआधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल आला असेल तर तो विचारात घेतं. तो अधिकारी आरोपीच्या घरापर्यंत येतो.

माझ्या भाच्याने दारूच्या नशेत एकाचा हात मोडला होता. अधिकारी लालबागच्या आमच्या चाळीत आले ते थेट शेजारच्या काकूंकडे. "रात्री किती वाजता येतो? शुद्धीत असतो का?" मग व्यसनमुक्तीच्या बैठकांची हजेरीवही मागितली. त्यात तीन शनिवार कोरे होते. बहीण म्हणत होती, भरून टाक. त्याने नाही भरले. त्या तीन दिवशी प्यायलो होतो, हे त्याने स्वतःच सांगितलं. जखमीच्या उपचारांचे पैसे हप्त्याने दिल्याच्या पावत्याही ठेवल्या होत्या. दोन वर्षांच्या बंधपत्रावर सुटला. दर महिन्याला हजेरी लावायला मीच सोबत जायचो.